त्यांची शिदोरी

महाबळेश्वराहून मधाची बाटली न आणणारा माणूस विरळाच. आम्ही मात्र गेल्या मे महिन्यात थेट मधपेटीशीच भिडलो. मुक्काम मांघर, २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले.

तोंडावर जाळी चढवली. मधपाळ मामांनी झाकण काढून हलकासा धूर सोडला. आत सातेरी माश्यांचा नुसता गुंजारव! मी शूरपणे चौकट उचलली, घाईने झटकली आणि मनगटाला डंख बसला.

“काटा चटकन काढा साहेब. वेळ गेला की विष उतरतं,” मामा म्हणाले. माझे मनगट ठणकत होते. ती माशी मात्र जिवानिशी गेली.

वरच्या मजल्यावरच्या चौकटी मधाने गच्च भरलेल्या. मला मोह पडला. “सगळ्याच काढू या का?”

“आणि पावसाळ्यात फुलं कुठली? त्यांची शिदोरी त्यांना नको?”

मी गप्प! एक कामकरी माशी जन्मभर राबून चहाचा चमचाही भरत नाही.

घरी चिरंजीवांनी पोळीवरचा मध ताटात सांडला. मी रागावलो नाही. बोटाने निपटून चाटला. सौ. बघतच राहिली!