विंडोज १० गेलं, लिनक्स आलं. पण डॉकवरचा मॉनिटर काळा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून चांगल्या चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्याच जणांनी लिनक्स टाकलं. करावे-सीवूड्सकडे छोट्या खोलीत राहून घरून काम करणाऱ्यांना एका वायरवर सगळं जोडणारा डॉक सोयीचा पडतो. पण लिनक्सवर कीबोर्ड चालतो आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो. लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नका.

खरा घोळ टाइप-सीचा आहे. टाइप-सी म्हणजे फक्त पोर्टचा आकार. युरोपियन युनियनने फोन, लॅपटॉपला टाइप-सी सक्तीचं केलं, तेही चार्जिंगपुरतंच. चित्र बाहेर जाईलच असं नाही. तुमचा फोन टाइप-सी असूनही टीव्हीला जोडता येत नसेल, तर कारण हेच.

डॉक मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात लॅपटॉपचं ग्राफिक्स थेट वायरमधून जातं. याला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण लॅपटॉपच्या पोर्टमध्ये ही सोय हवी. दुसरा ‘डिस्प्लेलिंक’. यात चित्र साध्या यूएसबी डेटासारखं जातं. जुन्या पोर्टवरही चालतो, पण लिनक्सवर सिनॅप्टिक्स कंपनीचा ड्रायव्हर स्वतः टाकावा लागतो.

मग तपासायचं कसं?

१. मॉनिटर थेट एचडीएमआयला लावा. दिसला, तर मॉनिटर ठीक आहे.

२. डॉक जोडून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाका. यादीत डिस्प्लेलिंक दिसलं, तर ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट चालू असेल, तर रीस्टार्टला येणारी निळी स्क्रीन टाळू नका. तिथे की मंजूर केली नाही, तर ड्रायव्हर लोडच होत नाही.

३. काल चालत होता, अपडेटनंतर बंद पडला? बूट मेन्यूतून आधीचा कर्नल निवडून बघा. चालला, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल.

४. डिस्प्लेलिंक नसेल, तर लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये ऑल्ट मोड शोधा आणि केबल बदला. फोनच्या चार्जरसोबतच्या बऱ्याच केबलमधून चित्र जातच नाही. ४के मॉनिटर लुकलुकत असेल, तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झवर आणा.

सेकंडहँड डॉक घेतानाही दुकानदाराला आधी हाच प्रश्न विचारा: ऑल्ट मोड की डिस्प्लेलिंक? उत्तर ‘टाइप-सी आहे ना’ एवढंच आलं, तर पैसे खिशातच ठेवा.