पडवीला परवानगी, गाड्यांना मोकळीक?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ चं. घाटघर, साम्रद, रतनवाडी त्याच्या कितीतरी आधीची. पोराचं लग्न झालं, घराला पडवी काढायची, तर म्हणे परवानगी आणा! अन् काजव्यांच्या दिवसांत रात्रभर गाड्यांचे दिवे, ते कुणाच्या परवानगीनं? शेकरूच्या घरट्याचं झाड आम्ही तोडणार नाही; ती अट ग्रामसभाच घालील.

२००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू आहे. कलम ३ मध्ये कसण्याबरोबर राहण्याचाही हक्क आहे. २३ सप्टेंबर २०२० ला राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रात घरासाठी गावालगतच्या वनजमिनीची अधिसूचना काढली. मग अडवता कशाला?

दाव्यात घराची जागा लिहा. पोच घ्या. तोंडी नकार ऐकू नका, लेखी मागा.

जय आदिवासी! जय राघोजी!