भिंतीची छिद्रे बुजवू नका



माझे शिक्षण रसायनशास्त्राचे आणि नोकरी मीना अल-अहमदीच्या प्रयोगशाळेतली. तेव्हा बाईंनी भिंतींवर लेख का लिहावा, असे कोणी म्हणेल. कारण सांगते. एक भिंत मी स्वतः बिघडवली आहे.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी घर वाढवताना मागचा डोंगर कापावा लागला. कापलेली माती अडवायला दहा फुटी भिंत बांधली. मिस्त्री जुना, जाणता. त्याने पाणी निघायला भिंतीत छिद्रे ठेवली होती. पहिल्या पावसात त्यांतून तांबडे पाणी आले आणि नव्या रंगावर ओघळ उठले. सुट्टीवर गेले तेव्हा ते डोळ्यांना खुपले. हा डाग म्हणजे लोहाचे ऑक्साइड, हे आईला ऐटीत समजावले आणि मिस्त्रीला सांगितले, "भोके बुजवून टाका." तो नको म्हणाला. पण डॉक्टरेट माझी ना! तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आले. पडवीपासून भिंत अवघी चार हातांवर. आईवडील महिनाभर काकांकडे राहिले. भिंत उतरवून पुन्हा बांधली. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

नंतर मंडळातल्या एका स्थापत्य अभियंत्यांकडून हिशेब समजावून घेतला. दहा फूट, म्हणजे तीन मीटर उंचीच्या भिंतीवर कोरडी, सैल माती दर मीटर लांबीला पावणेतीन टनांच्या आसपास रेटा देते. मागे वरपर्यंत पाणी तुंबले की तोच रेटा पावणेसहा टनांवर जातो. माती आपल्या अंगच्या घर्षणाने निम्मेअधिक वजन स्वतः पेलते, पाणी काहीच पेलत नाही. म्हणून भिंत मातीने पडली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती पाण्याने पडलेली असते.

त्यात आपल्या कोकणची माती वेगळी. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो आपला जांभा. तो सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झरझर उतरते आणि खालच्या चिकणमातीवर अडते. तिथेच डोंगर घसरतो. कोकण रेल्वेने कापलेल्या डोंगरांवर जाळ्या लावल्या, उतार कमी केले, वाळ्याचे गवत लावले. एवढ्या मोठ्या रेल्वेला जे करावे लागले, त्यातले थोडे तरी आपल्या परसात नको का?

जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, 2 जुलैच्या पहाटेआधी, मुंबईत मालाडला जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर पडली आणि सुमारे 30 माणसे दगावली. त्या 24 तासांत सांताक्रूझला 375 मिलिमीटर पाऊस झाला होता. कुवेतला तीन वर्षांत मिळून पडतो, तेवढा!

इथे रिफायनरीत साधा खड्डा खणायचा तरी परवाना लागतो. बाजू ढासळू नयेत म्हणून आधार दिला आहे का, हे पाहिल्याशिवाय आत माणूस उतरत नाही. आपण हे नियम दिवसभर बिनतक्रार पाळतो. आणि संध्याकाळी फहाहीलहून गावी फोन करून सांगतो, "काढा थोडा डोंगर, गाडी लावायला जागा होईल." हा दुटप्पीपणा आहे आणि त्यात मीही आले.

कोणी म्हणेल, खर्च फार होतो. खर्च होतो हे खरे. पण संगमरवरी फरशी आणि नक्षीदार फाटक यांना आपण हात आखडत नाही. भिंतीमागे फूटभर खडीचा थर, दर पाच-सहा फुटांवर बाहेर उतरता पाइप आणि माथ्यावर पाणी वळवणारा चर, याला त्यामानाने किती लागते? गळणारे छिद्र भर पावसात एकाएकी कोरडे पडले तर आनंद मानू नका. ते बुजले असेल. भिंतीला फुगवटा वा नवी भेग दिसली, तर आधी माणसे हलवा, मग मिस्त्री शोधा.

माझी मंडळाला एक सूचना आहे. सुट्ट्या लागण्यापूर्वीच्या एका शुक्रवारी आपल्यातल्या स्थापत्य अभियंत्यांनी दोन तास द्यावेत. ज्यांची गावी बांधकामे चालू आहेत त्यांनी नकाशे आणि फोटो घेऊन यावे. चहा-पोह्यांची जबाबदारी माझी. डोंगर आपल्या पैशाने कापला जातो. त्याच्या पायथ्याशी झोपतात ते मात्र आपले आईवडील.

आमच्या नव्या भिंतीवर पुन्हा तांबडे ओघळ उठले आहेत. ते पाहून आता मला बरे वाटते.