सोडा ओतण्याआधी थोडं थांबा

पीटच्या धुराची सिंगल मॉल्ट पहिल्यांदा नाकाशी नेली की बऱ्याच जणांना दवाखाना आठवतो. टिंक्चर आयोडीन, जळकं लाकूड, मागे कुठेतरी सुका बोंबील. मग पेला बाजूला सरकवतात किंवा सोडा ओतून सगळं बुडवून टाकतात. दोन्ही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्कॉटलंडच्या आयला बेटावर मोड आलेलं जव पीटच्या धुरावर सुकवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं गवत-शेवाळ. धुराचा वास देणारं फिनॉल जवात किती उतरलं ते पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षात किती भाग असं, मोजतात आणि गप्पा त्याच आकड्याच्या होतात. त्याला भुलू नका. तो आकडा जवाचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. लागावुलिन आणि कोल ईला या आयलाच्याच दोन व्हिस्की, दोघींचं जव पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यात धुरावलं जातं, आकडाही साधारण 35. तरी एकीचा धूर जड, गोडसर. दुसरीचा हलका, लिंबाच्या सालीसारखा. दारू गाळायच्या भट्टीचा आकार कसा, ती किती भरली, धार कुठे तोडली, यावर चव ठरते.

वयाचंही तसंच. कायद्याने स्कॉच निदान 3 वर्षं ओकच्या पिंपात राहिली पाहिजे. वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो आणि लाकूड पुढे येतं. आयलाच्याच आर्डबेगची 5 वर्षांची 'वी बीस्टी' तिखट लागते ती म्हणूनच. तिला कच्ची समजू नका. तिच्याशेजारी गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन 'बोल्ड' ठेवा. पीट आयलाचं, जव मात्र आपल्याकडचं. गोव्याच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की दरसाल 8 टक्क्यांच्या आसपास उडून जाते, स्कॉटलंडात जेमतेम 2. लाकूडही इथे लवकर मुरतं. वयाचे आकडे समोरासमोर मांडून काही कळत नाही, ते असं.

चाखायला बसाल तेव्हा फरसाण नंतर. तोंडाशी निमुळते तीन पेले घ्या, प्रत्येकात वेगळी व्हिस्की, 15 मिली. बर्फ नको, गारव्याने वास मिटतो. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. छोटा घोट जिभेवर घोळवा. मग चमच्याने पाण्याचे चार थेंब टाका आणि पुन्हा हुंगा. धुरामागून कच्चं पेअर, भाजलेलं धान्य, थोडा खारेपणा वर येतो. पहिल्या पेल्याकडे दहा मिनिटांनी परत या. तो बदललेला असतो. काय वाटलं ते दोन शब्दांत लिहून ठेवा, आणि वास चुलीवरच्या वांग्याचा आला तर तसंच लिहा.

महाराष्ट्रात 25 वर्षांखालच्यांना ही दारू कायद्याने वर्ज्य आहे, बाकीच्यांना परवाना लागतो. आणि त्या रात्री गाडी चालवू नका. तीन पेले मिळून दीड पेग होतो.