हप्ता वाचला, खलाशी उघड्यावर

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की "बघ रे, यात काही कमी होतंय का," म्हणून माझ्याकडे येतो. अर्नाळ्याच्या एका बोटीत माझ्या मामूंचा चार आणे हिस्सा आहे. दोन वर्षांपूर्वी मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर चढली होती आणि विमा नव्याने काढायचा होता. नालासोपाऱ्यात घरी बसून मी तीन कंपन्यांचे दर एक्सेलमध्ये मांडले आणि अर्ध्या तासात साडेसहा हजार रुपये वाचवून दाखवले. मामूंनी बिर्याणी खिलवली.

वाचवले कसे? बोटीची किंमत कमी लिहिली आणि खलाशांचा रकाना उडवला.

दिवाळीनंतर जाळं ओढताना एका खलाशाची दोन बोटं विंचमध्ये गेली. तलासरीकडचा आदिवासी पोरगा, वय बावीस. बोटीला खरचटलंही नाही. दवाखान्याचं बिल हिस्सेदारांनी वर्गणी काढून भागवलं. पुढच्या हंगामात त्याच्या जागी दुसरा आला. माझी बचत कुणाच्या खिशातून आली होती, ते तेव्हा कळलं.

म्हणून विमा स्वस्तात कसा काढायचा हे विचारणाऱ्या प्रत्येकाशी माझं भांडण आहे. ४० लाखांच्या बोटीचा २० लाखांचाच विमा काढलात, तर सागरी विमा कायदा, १९६३ प्रमाणे उरलेल्या निम्म्या जोखमीचे धनी तुम्हीच. ४ लाखांची मोडतोड झाली तर हातात २ लाख. बोट नादुरुस्त आहे हे ठाऊक असून ती समुद्रात सोडली आणि त्यापायीच नुकसान झालं, तर कंपनी हात वर करू शकते. कायदा तिच्या बाजूने आहे. याला बचत म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.

आणि जुगार म्हटलं की आपल्यातले काही म्हणतात, "विमाच हराम." ठीक. १९८५ साली जेद्द्याच्या फिकह अकादमीने व्यापारी विमा नामंजूर केला, पण त्याच ठरावात एकमेकांच्या मदतीसाठी उभारलेला सहकारी विमा मान्य केला. आपण ठरावाचा अर्धाच भाग वाचतो, कारण त्या अर्ध्यात पैसे भरावे लागत नाहीत. हप्ता हराम वाटतो ना? मग तीच रक्कम खलाशांच्या सामायिक निधीत टाका. तेही करायचं नाही आणि तवक्कुलचं नाव घ्यायचं, तर आधी उंट बांधायला सांगणारी हदीस विसरलात.

खरी बचत वेगळ्या जागी आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत १८ ते ७० वयाच्या मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यासाठी २५,००० रुपये. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, मच्छीमाराला एक पैसा नाही. आमच्या त्या पोराचं नाव कुणी नोंदवलंच नव्हतं. मीही नाही.

बोटीच्या हप्त्यातही वाचवता येतं. छोटी दुरुस्ती स्वतः सोसायची तयारी दाखवा, मोठ्या नुकसानीचा विमा घ्या. बोट बंदीत किनाऱ्यावर असते, त्या दिवसांची सूट मागा. एकट्याने दर विचारण्यापेक्षा सोसायटीच्या सगळ्या बोटी मिळून विचारा. किनाऱ्यावर कोळी हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, आदिवासी सगळे आहेत आणि वादळ कुणाची जात विचारत नाही. सोसायटीच्या बैठकीत मागच्या बाकावर बसून उठून येऊ नका, हा मुद्दा मांडा.

बंदी ३१ जुलैला संपते. त्याआधी एक काम करा. तुमच्या घरच्या, ओळखीच्या बोटीवरच्या प्रत्येक खलाशाचं आधार, बँक पासबुक घ्या, त्याला सोबत घेऊन मत्स्यव्यवसाय खात्यात जा आणि नोंद झाल्याचा कागद त्याच्याच हातात द्या. फॉर्म भरायला इंजिनिअर लागत नाही.

मी आता खलाशांचा रकाना सगळ्यात आधी भरतो. दोन बोटं गेल्यावर शिकलो, आणि तीही माझी नव्हती.