दुसरी सही : अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगारांचा जाहीरनामा

आम्ही आनंदनगरच्या केमिकल कंपन्यांत राबणारी माणसं. रिअॅक्टरमधून माल उतरला की ऑपरेटर सांगतो, "बॅच ओके." त्याच्या शब्दावर एक ड्रमही गेटबाहेर जात नाही. सॅम्पल लॅबला जातं, केमिस्ट तपासतो, रिपोर्टवर दुसरी सही पडते, मग गेटपास. ऑपरेटर खोटारडा असतो असं कुणी म्हणत नाही. पण बॅच पास होण्यात त्याचा जीव अडकलेला असतो, हे हेल्परलाही कळतं.

राजकीय कटाच्या आणि दहशतवादाच्या खटल्यांत आतली बातमी आतल्याच माणसाकडून मिळते. खबऱ्या, माफीचा साक्षीदार, नाव झाकलेला साक्षीदार. त्यांच्याशिवाय पोलिसांचं चालायचं नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या माणसाला आपली मान सोडवायची असते, म्हणून दुसरी सही तिथेही हवी.

गांधीहत्येच्या खटल्यात पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. सावरकरांनी गोडसे-आपट्यांना यशाचा आशीर्वाद दिलेला आपण ऐकला, असं त्याने लाल किल्ल्यातल्या कोर्टात सांगितलं. न्यायाधीश आत्माचरण यांना बडगे एकूण खरा वाटला. तरी सावरकरांविरुद्धच्या भागाला दुसरीकडून दुजोरा नव्हता, म्हणून 10 फेब्रुवारी 1949 ला त्यांनी सावरकरांना सोडलं. पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांनी 1948 मध्येच पोलिसांना जबाब दिले होते. त्यांना कोर्टात उभंच केलं गेलं नाही, आणि ते जबाब वीस वर्षांनी हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने चर्चेत आणले. बडगे खरं बोलला की खोटं, यावर आमच्यातही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. होऊ देत. दुसरी सही घ्यायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ती घेतली नाही, यावर मात्र आमचं एकमत आहे.

कायदा तसा शहाणा आहे. 1957 मध्ये सरवणसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दोन कसोट्या सांगितल्या: साक्षीदार मुळात विश्वासाचा हवा आणि त्याच्या बोलण्याला पुरेसा दुजोरा हवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 138 मध्ये तर दुजोऱ्याचा शब्दच घातला आहे. पण ही कसोटी लागते निकालाच्या दिवशी. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामिनाच्या वेळी उलटतपासणीच नसते. पोलिसांचे कागद वरवर खरे धरले जातात, आणि नाव झाकलेल्या माणसाच्या चार ओळींवर आरोपी वर्षानुवर्षं आत राहतो.

11 जुलै 2006. लोकलमधले स्फोट, 189 मृत. आम्हीही रोज लोकलनेच येतो-जातो. 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाने दोषी ठरलेल्या बाराही जणांना सोडलं. साक्षीदार टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवस गप्प बसून मग बोलले होते, ओळख परेड घेणाऱ्याला अधिकारच नव्हता, कबुलीजबाब टिकले नाहीत. बारापैकी एक जण 2021 मध्येच कैदेत वारला होता. सुप्रीम कोर्टाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला मनाई केली आहे. तिथे जे ठरायचं ते ठरेल. गेलेल्यांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहून काय मिळवलं, हे विचारायला आम्हाला कोर्टाची परवानगी लागत नाही.

अशा कच्च्या पुराव्यात आमचेही हात आहेत. आमच्यातल्या दोघांना एका रात्री नाक्यावरून "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून नेलं आणि आधीच लिहिलेल्या पंचनाम्यावर सह्या घेतल्या. काय जप्त झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस नाही म्हणत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून आम्ही मागतो: खबऱ्याला किंवा माफीच्या साक्षीदाराला काय मिळालं, पैसे, सुटका की मागे घेतलेली केस, ते कोर्टाच्या कागदावर यावं. नाव झाका, मोबदला झाकू नका. नुसत्या अशा जबाबावर जामीन अडू नये. झडतीचं चित्रीकरण 1 जुलै 2024 पासून कायद्याने सक्तीचं आहे, त्याची प्रत पंचालाही मिळावी. आणि आमच्यापैकी कुणीही यापुढे न वाचता, न पाहता पंच म्हणून सही करणार नाही. नोकरी गेली तर वर्गणीतून दोन महिने घर चालवू. त्याहून जास्त आज आमच्याकडे नाही.

चळवळीला नाव अजून दिलेलं नाही. पहिली बैठक येत्या रविवारी, दुसऱ्या शिफ्टनंतर. खबऱ्या येणारच. त्याने पुढे बसावं, चहा घ्यावा, आणि जेवढं ऐकलं तेवढंच लिहावं.