पाणी चढण्याआधीची सूचना : आक्षेप आणि सिद्धान्त

पावसाळ्याच्या तोंडावर सातारा, कऱ्हाड, सांगली या शहरांतील नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा प्रशासन दरवर्षी सुरक्षाविषयक सूचना प्रसृत करतात. नदीकाठच्या रहिवाशांनी स्थलांतराची तयारी ठेवावी, पुलावरून पाणी वाहत असता वाहन घालू नये, विजा कडाडत असता झाडाखाली थांबू नये, अशा आशयाची पत्रके निघतात आणि रिक्षावरील ध्वनिक्षेपकावरून तीच वाक्ये फिरतात. हा सारा वार्षिक उपचार झाला असून तो बंद केला तरी काही बिघडणार नाही, असे मत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत उघडपणे मांडले जाते. वादशास्त्राच्या रीतीप्रमाणे हे मत प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, या नात्याने पूर्ण मांडून मग तपासणे योग्य ठरेल, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि निष्कर्ष मात्र सदोष आहे.

या पूर्वपक्षात तीन आक्षेप अंतर्भूत आहेत. कृष्णाकाठच्या माणसाला नदीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे त्याला सरकारी पत्रकाची गरज नाही, हा पहिला. वारंवार दिलेले इशारे पोकळ ठरतात आणि त्यामुळे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होते, हा दुसरा. आणि पूर धरणांच्या व्यवस्थापनामुळे येत असताना नागरिकांना सूचना देणे म्हणजे जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालणे होय, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाचे खंडन सांगलीच्या आयर्विन पुलावरील आकडेच करतात. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी, म्हणजे सावध होण्याची मर्यादा, आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि त्याची भिंतींवरील खूण अनेकांच्या लेखी पुराची शेवटची मर्यादा ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये तीच नदी ५७ फुटांच्या वर चढली, तेव्हा जुन्या खुणेच्या भरवशावर सामान वर रचून घरात थांबलेल्यांची आठवणच त्यांच्या अंगाशी आली, आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. अनुभव मागील पूर सांगतो, पुढील पूर सांगू शकत नाही. शिवाय सखल भागात गुंठेवारीने, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून, वसलेल्या वस्त्यांत बाहेरगावाहून आलेली अनेक कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यापाशी हा वारसाही नाही.

दुसऱ्या आक्षेपातील तथ्य मान्य करावे लागते, परंतु त्यातून निघतो तो सूचना बंद करण्याचा नव्हे, तर त्या नेमक्या करण्याचा निष्कर्ष. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माणदेशात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. अशा जिल्ह्याला सरसकट एकच इशारा दिला, तर माणदेशातील म्हसवडच्या रहिवाशाला तो खोटा वाटणार हे उघड आहे. म्हणूनच हवामान विभाग घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतो. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली, त्या डोंगरउतारांवर पुलावरील फुटांच्या पट्टीसारखे कोणतेही माप नव्हते. तेथील सूचनेत जमिनीला पडलेल्या भेगा, कललेली झाडे व विजेचे खांब, झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी ही लक्षणे सांगितली पाहिजेत; सांगलीचे पत्रक पाटणला वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) कोयना धरणातील विसर्ग आणि कर्नाटकातील अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे मागे सरकत तुंबणारे पाणी, यांवर सांगलीत दीर्घकाळ वाद आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही आणि तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही. हा वाद चालावा आणि विसर्गाचा हिशेब मागितला जावा. परंतु धरणांखालील मुक्त पाणलोटात, म्हणजे ज्याचे पाणी कोणतेही धरण अडवत नाही अशा क्षेत्रात, कोसळणारा पाऊसही नदीत येतो, आणि कारण कोणतेही असो, सांगलीतील दत्तनगर किंवा सूर्यवंशी प्लॉट येथील कुटुंबाला घर कधी सोडायचे हे त्याच दिवशी ठरवावे लागते. दोष कोणाचा हा प्रश्न आणि निघायचे कधी हा प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबत नाही. निर्णयास उशीर झाला की सुटकाच धोकादायक बनते, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली बोट उलटून जी प्राणहानी झाली तिने दाखवले आहे.

अशा रीतीने तिन्ही आक्षेप निष्कर्षापर्यंत पोहोचत नाहीत. येथवर खंडन झाले. आता मंडन, म्हणजे स्वपक्षाची स्थापना, करावयाची ती अशी की हंगामी सूचना आवश्यक आहे, मात्र ती स्थानिक, कृतिनिष्ठ आणि वेळेआधीची असली पाहिजे. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यात कोणालाच काही करावयास सांगितलेले नाही. आयर्विन पुलापाशी किती फूट झाले म्हणजे कोणत्या गल्लीत पाणी शिरते, याचा गल्लीनिहाय तक्ता मे महिन्यातच घरोघर पोहोचला, तर तोच आकडा निर्णयाचे साधन होतो. त्याला पूररेषांचा आधार आहेच. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असतात, त्या नगररचना कार्यालयात न राहता चौकातील खांबांवर रंगवल्या गेल्या पाहिजेत. गावांत जनावरांच्या आणि बाजारपेठेत मालाच्या काळजीने माणसे मागे राहतात. म्हणून निवाऱ्याच्या पत्त्याबरोबर जनावरांची छावणी आणि माल हलवण्याची जागाही सांगितली पाहिजे. पाणी ओसरल्यानंतर ओल्या भिंतीतील वीजजोडणी तपासल्याशिवाय सुरू न करणे, विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय न पिणे आणि चिखलात अनवाणी न उतरणे, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार संभवतो, हेही त्याच पत्रकाचे उत्तरांग होय.

या निकषावर जबाबदारीची वाटणीही स्पष्ट होते. कोणत्या पातळीला निघायचे, कोठे जायचे आणि मागे राहणाऱ्या जित्राबाचे व मालाचे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जी सूचना देत नाही, तिच्याकडे नागरिकांनी दुर्लक्ष केले तर उणेपणा सूचना देणाऱ्याचा होय, आणि पत्रक काढले एवढ्यावर प्रशासनाचे कर्तव्य पूर्ण झाले असे मानता येत नाही. ही उत्तरे वेळेवर मिळूनही जो जुन्या खुणेच्या भरवशावर घरात थांबतो, त्याला मात्र धरणाच्या दरवाजाकडे बोट दाखवून आपल्या कुटुंबापुरत्या निर्णयाची जबाबदारी टाळता येणार नाही.